शिवून ठेवलेलं चित्र

रिकाम्या खोलीचं दार वाजवून मग आत जाणारी माणसं जगात किती असतील कोण जाणे. मी एकच पाहिली. आमच्या मोठ्या बाई. सकाळी शाळेचं कुलूप त्या स्वतःच काढायच्या आणि काढलेलं कुलूप एका हातात धरून दुसऱ्या हातातल्या छत्रीच्या दांड्याने दारावर दोनदा टकटक करायच्या. क्षणभर थांबायच्या, मग आत. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. न राहवून मी विचारलं, "बाई, आत कोण आहे?"

"तेच विचारतेय," त्या म्हणाल्या.

महिन्याभरात एकदा खरंच टकटक केल्यावर आत सळसळ झाली आणि चांगली मनगटाएवढी जाड धामण खिडकीतून बाहेर पडली. बाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी दुपारच्या खिचडीपर्यंत त्यांचा चेहरा माझ्याकडे बघून बोलत होता.

शाळा वरंधच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत. दोन खोल्या, पहिली ते चौथी मिळून बारा मुलं आणि आम्ही दोन शिक्षक. मी महाडचा. मनातून मला औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीत चिकटायचं होतं. वडिलांनी डीएडला घातलं आणि चोविसाव्या वर्षी शिक्षणसेवक म्हणून मी इथे येऊन पडलो. पायथ्याच्या दुकानाशी मोटरसायकल लावायची आणि तिथून पाऊण तास चढायचं. बाई त्या चढावर एकोणीस वर्षं चढत होत्या. साडीखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट, बारा महिने तेरा काळ छत्री, आणि वाटेत भेटेल त्या म्हशीची नावानिशी चौकशी. म्हशीची आधी, मालकाची नंतर.

बाईंना काही पुरं करायची म्हणून सवय नव्हती. गणित अर्ध्यावर सोडून मधली सुट्टी करायच्या. गोष्ट सांगताना घंटेची वेळ झाली की वाघ विहिरीच्या काठावर असला तरी तिथेच ठेवून द्यायच्या. मुलं गयावया करायची, "बाय, सांग ना गो, पडला का वाघ?" बाई छत्री उचलायच्या. "उद्या बघू." मला हा निव्वळ छळ वाटायचा. पण आमच्या शाळेची हजेरी तालुक्यात कुणालाही हेवा वाटावा अशी होती. भर पावसातसुद्धा पोरं इरली घेऊन यायची, वाघाचं काय झालं ते ऐकायला.

एक शब्द मात्र बाईंना अजिबात खपत नसे. 'नक्की'. मुलांच्या वहीत तो दिसला की लाल रेघ. केंद्रप्रमुख एकदा तपासणीला आले आणि जाताना म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात तुमच्या शाळेला नवीन फळा नक्की." बाई हात जोडून म्हणाल्या, "साहेब, फळा नाही आला तरी चालेल. पण नक्की नका म्हणू. मुलं ऐकतायत." साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. फळा अर्थातच आला नाही.

आणि शनिवारची हजेरी. ती सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. शनिवारी सकाळची शाळा. हजेरीपटावरची बारा नावं झाली की बाई पट मिटायच्या आणि दप्तरातून एक जुनी वही काढायच्या. तिच्यात वाडी सोडून गेलेल्यांची नावं होती. कुणी मुंबईला हॉटेलात, कुणी बिरवाडीत खोली करून कंपनीत, कुणी लग्न होऊन पोलादपूरकडे. सगळे या शाळेत शिकून गेलेले. बाई एकेक नाव पुकारायच्या आणि जे हजर ते बाराजण मिळून ओरडायचे, "येतोय!" मुलगी असली तर "येतेय!" डोंगर दणाणून जायचा. मला तर पहिल्या शनिवारी हसू आवरेना. सरकारी पगार घेऊन गैरहजरांची हजेरी घेणारी ही एकटीच बाई असावी.

त्या वर्षी दिवाळीनंतर वाडीच्या मुंबईकरांनी जुन्या पुस्तकांचा एक खोका पाठवला. बहुतेक रद्दी होती. त्यात एक मोठं, जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक निघालं. अक्षरं इंग्रजीसारखी, पण इंग्रजी नव्हेत, काहींच्या डोक्यावर टिंबंटिंबं. वाचता येणं शक्यच नव्हतं. चित्रं चौदा. बाईंनी पहिलं चित्र पाहिलं, पुस्तक मिटलं, सुई-दोरा मागवला आणि न बघताच शेवटच्या चित्राची पानं कडेकडेने काळ्या दोऱ्याने शिवून टाकली. मी कपाळाला हात लावला.

"बाई, हे काय?"

"मी पाहिलं तर मला कळेल. मला कळलं तर ते माझ्या तोंडावर दिसेल. मग मुलं पुस्तक सोडून माझं तोंड वाचतील." दोरा दातांनी तोडून त्या म्हणाल्या, "दर शनिवारी एक चित्र. शेवटचं शिमगा झाल्यावर. तोवर आपण सगळेच अडाणी."

पहिलं चित्र उघडलं त्या शनिवारी डोंगरावर कडाक्याची थंडी होती. मुलं गोधड्या पांघरूनच शाळेत आली होती. चित्रात एक घर, घराच्या खिडकीत लाल टोपी घातलेली मुलगी, समोर बिनपानांचं झाड, झाडावर एक पाखरू आणि त्याचं घरटं. बाकी जमीन, कौलं, कुंपण, सगळं पांढरंफेक.

"राब भाजलाय गो बाय ह्यांनी!" पहिलीतला एकजण ओरडला.

त्याची काही चूक नव्हती. वाडीत नाचणीचं रोप करायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून पावसाआधी ते भाजतात. त्याला राब म्हणतात. भाजून झालं की जमीन राखेने पांढरी होते. आणि पाल्यासाठी थंडीतच ऐनाच्या फांद्या तोडतात, त्या फांद्यांना कवळ म्हणतात. तोडलेला ऐन मग नुसता खांब होऊन उभा राहतो. पोरांनी चित्रातलं झाड बघून तेच ओळखलं. "कवळ तोडलीय."

मी शहाणपणाने पुढे झालो. "अरे, ती राख नाही. तो बर्फ आहे."

"गोळ्याचा?" एकाने विचारलं.

बाईंनी मला थांबवलं. "गुरुजी, तुम्ही बर्फ पडलेला पाहिलाय?"

"नाही."

"मीही नाही. राख मात्र या बाराही जणांनी पाहिलीय. राखच आहे ती. पुढे बघू."

अशी त्या परदेशातल्या हिवाळ्याची आमच्या शाळेत राख झाली. दुसऱ्या चित्रात पाखरू उडून गेलेलं होतं. तिसऱ्यापासून पुढे लाल टोपीची मुलगी रोज खिडकीच्या कट्ट्यावर दाणे ठेवते आणि वाट बघते. घरटं रिकामंच. राख वाढत चाललेली.

सगळी मुलं चित्रात तोंड खुपसून बसायची. एक सोडून. तिसरीतली सानिका झाडाकडे बघायचीच नाही. तिचा बाप गेल्या थंडीत ऐनावरूनच पडला होता. कवळ तोडताना फांदी निसटली आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून तो काठी घेऊन दारात बसून असायचा, आणि तिची आई, सुनीता, मुंबईत कुणा आजारी म्हातारीला सांभाळायला गेली होती. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. सुनीता याच शाळेतली, बाईंच्या पहिल्या वर्गातली. त्यामुळे शनिवारच्या वहीत तिचंही नाव होतं. "सुनीता!" म्हटलं की सानिका सगळ्यांच्या आधी ओरडायची, "येतेय!"

जाताना आई म्हणून गेली होती, शिमग्याला येते. सानिकाने ते आणि चित्रं एकात एक गुंफून टाकलं. चित्रं संपली की आई. एकदा तर बाईंना म्हणाली, "बाय, एका शनवारी दोन दाव ना गो." तिला वाटे, चित्रं लवकर उलटली तर शिमगा लवकर येईल.

आता माझा पराक्रम. माघातल्या एका दुपारी बाई पायथ्याशी बैठकीला गेल्या होत्या. पुस्तक कपाटात होतं, कपाटाला कुलूप नाही. "कुलूप लावलं की मुलांना आपण चोर आहोत असं वाटतं," असं बाईंचं म्हणणं. चोर निघालो मी. फूटपट्टी घालून शिवलेल्या कडा जरा वाकवल्या आणि आत डोकावलो. आणि माझा विरसच झाला. पाखरू आलेलंच नव्हतं. राख तशीच, झाड तसंच, घरटं रिकामं. मुलगी खिडकीतून वाकून कट्ट्यावर दाणे ठेवत होती. बस. हा काय शेवट झाला? तीन महिने लेकरांना ताटकळत ठेवून हे दाखवायचं?

मागे वळलो तर दारात सानिका.

"गुरुजी, पाखरू येतंय ना वो शेवटाला?"

माझी चोरी पकडली गेली होती. वर ती पोर इतक्या आशेने बघत होती की माझ्याच्याने खरं बोलवेना. "येतं ना," मी म्हणालो.

"आणि माजी आय?"

"येईल. नक्की येईल."

तो शब्द तोंडातून सुटला आणि ती उड्या मारत गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला ठाऊक झालं होतं, सानिकाची आई शिमग्याला नक्की येणार. बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. एवढ्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "गुरुजी, तुम्हाला त्या क्षणी तिचं रडकं तोंड बघवलं नाही म्हणून तुम्ही ते शिमग्यावर ढकललंत. तेव्हा तुम्ही असाल का तिच्यासमोर?" मला राग आला. लहान मुलीला दोन शब्द गोड बोललो तर एवढं काय आकाश कोसळलं, असं वाटलं. चोरून चित्र पाहिल्याचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

शिमग्याला मुंबईकर आले. पायथ्यापर्यंत जीपगाड्या भरभरून आले. सानिका नवा झगा घालून तीन दिवस वाटेवरच्या दगडावर बसली होती. वाडीत मोबाइलची रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर. होळीच्या दिवशी तिचा बाप काठी टेकत टेकत तिथवर आला. फोनवर पलीकडे सुनीता रडत होती. म्हातारीचं जास्त झालं होतं, घरची माणसं पाया पडून थांब म्हणाली होती. बाप फोन बंद करून कातळावर बसून राहिला. मी खिडकीतून बघत होतो, बाहेर गेलो नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही गेलो.

नंतरच्या शनिवारी शेवटचं चित्र उघडायचं होतं. आधी हजेरी. बाईंनी वही काढली. "सुनीता!"

अकरा मुलं ओरडली, "येतेय!"

"खोटं!" सानिका उभी राहिली होती. "खोटं हाय बाय. ती येत नाय. तू कदी नक्की बोलत नाय ना? मंग हितं कशाला सगली येतेय येतेय करून वरडतात?"

बाई वहीकडे बघत राहिल्या. एकोणीस वर्षं घेत आलेल्या हजेरीला एका आठ वर्षांच्या पोरीने लाल रेघ मारली होती. मला वाटलं, समजूत काढतील. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "खरं आहे तुझं. हे मला कधी सुचलं नाही." आणि शाळा सोडून दिली. पुस्तक उघडलंच नाही.

सोमवारी कपाटात पुस्तक नव्हतं. फार शोधावं लागलं नाही. रविवारी सानिकाच्या काकाने राब भाजला होता, आणि त्या राखेत पुठ्ठ्याचा एक करपलेला कोपरा होता. त्याला काळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता. सगळी शाळा राबाभोवती गोळा झाली. सानिका खाली मान घालून उभी. बाईंनी विचारलं, आवाज न चढवता, "का गं?"

"त्यात पाखरू आलेलं असंल," ती म्हणाली. "गुरुजी बोलले. तिचं आलं, माजं नाय. मला नाय बघायचं ते."

त्या चित्रात पाखरू नव्हतंच. त्या सबंध पुस्तकात तिच्यासारखं, तिच्या बाजूचं एकच चित्र होतं, आणि माझ्या दोन गोड शब्दांपायी तिने तेच जाळलं होतं.

संध्याकाळी डोंगर उतरताना मी बाईंना सगळं सांगितलं. फूटपट्टी, डोकावणं, चित्र, सगळं. त्या छत्रीवर भार देऊन ऐकत होत्या. मला वाटलं आता खैर नाही.

"दाणे ठेवत होती?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हो."

"पाखरू नसताना?"

"नसताना."

बाईंनी छत्रीचं टोक वाटेच्या वरच्या अंगाला वळवलं. मग म्हणाल्या, "फिरा मागे. आत्ता सांगा तिला."

"आत्ता? बाई, अंधार पडेल."

"म्हणूनच. पटपट चढा."

मी एकटा वर गेलो. सानिका म्हशीला पाणी दाखवत होती. तिच्यासमोर उभा राहून मी सांगितलं की मी खोटं बोललो होतो. चित्रात पाखरू आलेलं नव्हतं, आणि आईचं मला काहीच माहीत नव्हतं. आयुष्यात मुलाखती दिल्या, परीक्षा दिल्या, पण त्या गोठ्याच्या दारात जेवढा घाम फुटला तेवढा कधी फुटला नाही.

ती ऐकत होती. "मंग पोरगी काय करतेय चित्रात?"

"खिडकीतच आहे. दाणे ठेवतेय."

"रडत हाय?"

मला आठवावं लागलं. "नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

पुढच्या शनिवारी बाईंनी वही काढली तेव्हा मुलं घाबरून एकमेकांकडे बघत होती. ओरडायचं की नाही कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनाही नसावं. त्यांनी नाव घेतलं, "सुनीता."

मग सानिका उठली, आणि अगदी साध्या आवाजात, आपला पाढा म्हणावा तशी म्हणाली, "आमी हाव."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग पुढचं नाव पुकारलं. या वेळी दोघं-तिघं म्हणाली, "आमी हाव!" शेवटच्या नावापर्यंत बाराही जणांचा आवाज लागला होता. येणारा येईल न येईल, त्याचं नक्की कुणी सांगावं? पण आम्ही इथे आहोत, हे तर खरं होतं. त्याला बाईंची लाल शाईही खोटं म्हणू शकली नसती.

जूनमध्ये त्या राबात नाचणीचं रोप आलं. पुस्तक जळलं तो कोपरा जास्त हिरवा आहे असं पोरं छातीठोकपणे सांगायची. मी दोनदा जाऊन पाहिलं, मला काही फरक दिसला नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही महाडचे."

सुनीता आली ती गणपती होऊन गेल्यावर, भाद्रपदातल्या एका मंगळवारी. सण नाही, वार नाही, कुणाला कळवलेलं नाही. पाठीवर पिशवी, भिजलेली, धापा टाकत थेट शाळेच्या दारात. सानिका जागची हलेना. बाईंनी मान वर करून आपल्या जुन्या विद्यार्थिनीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुनीता, उशीर झाला. बस." मग सानिकाला म्हणाल्या, "तुझा सातचा पाढा अर्धा राहिलाय." तो पाढा त्या दिवशी अर्धाच राहिला. मायलेकी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि बाई पाठ फिरवून फळा पुसत होत्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, खाली सपाटीवर. डांबरी रस्त्यावरची शाळा, फळे नवे, रेंज सगळीकडे. पुढे सानिकाची आई बिरवाडीत खोली घेऊन कंपनीच्या कँटीनमध्ये लागली, सानिका तिथल्या हायस्कुलात गेली. डोंगरावर जायचं जायचं म्हणत मी सात वर्षं गेलो नाही. खाली उतरलेल्या माणसाला चढ जरा जास्तच दिसायला लागतो.

यंदा बाई निवृत्त होणार असं कळलं. त्यांच्या शेवटच्या शनिवारी निघालो, आणि सवयीप्रमाणे उशीर केला. वर पोचेपर्यंत शाळा भरली होती. दार लोटलेलं. घाम पुसत मी व्हरांड्यात उभा राहिलो. आत हजेरीपटावरची नावं संपली होती, आता आठच होती. मग जुनी वही उघडल्याचा आवाज आला. बाईंचा आवाज थोडा घोगरा झाला होता, पण तोच.

"सुनीता."

"आमी हाव!"

"सानिका."

"आमी हाव!"

नावं चालली होती. बरीच मला माहीत नव्हती. वाडी माझ्यामागे अजून रिकामी होत गेली होती. शेवटी बाई जरा थांबल्या.

"धाकटे गुरुजी."

ज्या आठ पोरांनी मला जन्मात कधी पाहिलं नव्हतं, ती सगळी एका दमात ओरडली, "आमी हाव!"

सात वर्षं, दर शनिवारी. मी खाली टीव्ही बघत होतो, चहा पीत होतो, आणि इथे दर शनिवारी. मी तसाच भिंतीला टेकून उभा राहिलो. आत जायला सात वर्षं उशीर झाला होता, आणि दार नुसतं लोटलेलं होतं.

आत कोण आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी दार दोनदा वाजवलं.